जमिनीच्या पोटातला वणवा

जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात आमची वीस जणांची तुकडी फोर्ट सेंट जॉनहून अलास्का महामार्गाने उत्तरेला निघाली, तेव्हा डॉनी क्रीकची आग पेटून तीन आठवडे उलटले होते. फोर्ट सेंट जॉन आणि फोर्ट नेल्सन ही कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ईशान्य टोकाची दोन गावे आहेत. त्यांच्यामध्ये सुमारे ३८० किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर एखादा पेट्रोल पंप, एखादी खाणावळ किंवा ट्रकचालकांचा थांबा यांपलीकडे वस्ती फारशी लागत नाही. पिंक माउंटनच्या पुढे गेल्यावर भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. धुरातून दिसणारा सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा लाल होता आणि डोळे न मिटता त्याच्याकडे पाहता येत होते.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे ब्रिटिश कोलंबियातल्याच प्रिन्स जॉर्ज येथे शिकायला आले, दोन उन्हाळे रोपे लावण्याचे काम केले आणि नंतर कंत्राटी अग्निशमन तुकडीत दाखल झाले. त्यासाठी पाठीवर सुमारे २० किलो वजन घेऊन सुमारे ४.८ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावे लागले आणि आगीचे मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागले. वणवा मला नवा नव्हता. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटले की गावातली माणसे ओल्या डहाळ्या घेऊन धावतात आणि कडेच्या ज्वाळा झोडपून काढतात, वनखाते जाळरेषा काढते, आणि बहुतेक वेळा एका रात्रीत गवत जळून जाऊन सकाळी काळा डोंगर उरतो. तिथली आग माणसाच्या हातून लागलेली असते, कारण वीज येते ती वळवाचा पाऊस सोबत घेऊन. वीज पडून लागलेली आणि महिनोन् महिने जळत राहणारी आग मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि आगीविषयी मला जे काही कळते असे मला वाटत होते त्यातले बरेचसे त्या उन्हाळ्यात मला सोडून द्यावे लागले.

डॉनी क्रीकची आग १२ मे २०२३ रोजी विजेमुळे लागली. मे महिना हा उत्तरेकडे फसवा असतो. बर्फ वितळलेले असते, पण ॲस्पेन आणि बर्च यांना पाने फुटलेली नसतात, मागच्या वर्षीचे गवत पिवळे पडून सुकलेले असते, आणि स्प्रूस व पाइन यांच्या हिरव्या दिसणाऱ्या सुयांमध्येही नव्या पालवीच्या आधीच्या काही आठवड्यांत ओलाव्याचे प्रमाण वर्षभरातल्या नीचांकाजवळ गेलेले असते. त्या वर्षी आदल्या शरद ऋतूपासूनच तिथे पावसाची ओढ होती आणि मे महिना कमालीचा उष्ण गेला. अशा वेळी वीज एखाद्या झाडावर पडते, खोडातून मुळांकडे उतरते आणि बुंध्याशी साठलेल्या सुक्या काडीकचऱ्यात ठिणगी ठेवून जाते. ती ठिणगी तिथे दोन-चार दिवस, कधी त्याहून जास्त काळ, कोणाला न दिसता धुमसते आणि मग एखाद्या दुपारी वारा सुटला की वर येते. अशी कित्येक ठिकाणे एकाच वेळी पेटली, तर प्रत्येकाच्या मागे माणसे धाडणे कोणत्याही खात्याला शक्य होत नाही.

पहिल्या सकाळच्या बैठकीत आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी नकाशा लावला आणि स्पष्ट सांगितले की ही आग पूर्ण विझवण्याचे उद्दिष्ट कोणी ठेवलेले नाही. महामार्ग, नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वाहिन्या, आदिवासींच्या शिकारीच्या झोपड्या आणि महामार्गालगतची मोजकी वस्ती एवढे वाचवायचे. बाकीचे जंगल पाऊस आणि थंडी येईपर्यंत जळत राहील. मला तेव्हा हे ऐकून धक्का बसला होता, कारण जळते जंगल सोडून द्यायचे हे माझ्या शिक्षणात बसत नव्हते. आज मी त्या निर्णयाला योग्य मानते. आम्ही पहिली फेरी संपवून परतलो त्याच सुमारास, १८ जूनला, या आगीने २०१७ च्या प्लॅटो आगीला मागे टाकले आणि ती प्रांताच्या नोंदलेल्या इतिहासातली सर्वांत मोठी एकल आग ठरली. पुढे तिचा विस्तार सहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास गेला. संपूर्ण गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या आगीच्या कडेने माणसांची साखळी उभी करणे ही कल्पनाच चुकीची ठरते. शिवाय काळ्या स्प्रूसचे ते जंगल हजारो वर्षे असेच जळत आणि पुन्हा उगवत आले आहे; त्याची शेंड्याकडची फळे राळेने जवळजवळ बंद असतात आणि आगीच्या धगीने उघडून बिया टाकतात.

काम समजण्यासाठी तिथली जमीन समजावी लागते. त्या भागात मोठ्या प्रमाणावर मस्केग आहे, म्हणजे शेवाळाने झाकलेली दलदल. थंडीमुळे कुजण्याची क्रिया इतकी सावकाश चालते की शेवाळ, सुया, मुळे आणि काटक्या शतकानुशतके एकावर एक साचत जातात आणि पायाखाली जमीन म्हणून जे असते ते प्रत्यक्षात सेंद्रिय थरांचे जाड गादीसारखे आच्छादन असते. चालताना पाय खचतो आणि पुन्हा वर येतो. ओले असताना यातून बुलडोझरही जाऊ शकत नाही, तो रुततो; आणि दुष्काळात हेच आच्छादन सुकले की तेच इंधन होते. गोवरी जशी ज्वाळेविना आतून जळत जाते, तशी ही जमीन जळते. पुढच्या बाजूची उंच ज्वाळा छायाचित्रात येते, पण ती एखाद्या जागी काही मिनिटेच असते. तिच्या मागे जमिनीत उतरलेली आग आठवडे टिकते, आडवी सरकते, मुळाच्या वाटेने आम्ही आगीला अडवण्यासाठी आखलेल्या रेषेखालून पलीकडे जाते.

आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होई. जूनमध्ये तिथे अठरा तासांचा दिवस असतो, सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि त्यानंतरही आकाश पूर्ण काळे होत नाही, त्यामुळे तंबूत झोप लागण्यासाठी डोळ्यांवर कापड बांधावे लागे. सकाळी हवामानाचा अंदाज वाचून दाखवला जाई, त्यानंतर टेहळणीला कोण, रेडिओची कोणती वाहिनी, पळण्याची वाट कोणती आणि सुरक्षित जागा कुठे हे प्रत्येकाला विचारले जाई. नुसते सांगितले जात नसे, प्रत्येकाकडून वदवून घेतले जाई. मग ट्रकने किंवा हेलिकॉप्टरने आगीच्या कडेला पोहोचून ओढ्याशी पंप लावायचा. हा दोन-स्ट्रोक पेट्रोल पंप सुमारे २६ किलोचा असतो आणि पाठीवर वाहून नेता येतो. त्याच्यापासून दीड इंची कापडी नळ्या, तीस-तीस मीटरच्या, एकमेकींना जोडत एक-दोन किलोमीटर जंगलात न्यायच्या, ठरावीक अंतरावर फाट्याच्या झडपा बसवायच्या आणि तिथून बारीक नळ्या आत सोडायच्या. हे लिहिताना सोपे वाटते. पडलेल्या झाडांवरून, गुडघाभर शेवाळातून, डास आणि काळ्या माश्यांच्या ढगातून पाण्याने भरलेली नळी खेचण्याला पर्यायी सोपा मार्ग नाही.

आमच्या आधी झाडे तपासणारा माणूस करवत घेऊन जात असे. मुळे जळून गेलेले स्प्रूस उभे दिसते, हिरवेही दिसते, आणि वारा नसतानाही आवाज न करता कोसळते. तो ज्या झाडावर खूण करी ते पाडले जाईपर्यंत आम्ही त्या बाजूला पाऊल टाकत नसू. पहिल्याच आठवड्यात असे एक झाड आमच्या वाटेवर, आम्ही चहा प्यायला थांबलेलो असताना, पंधरा पावलांवर पडले. कोणी काही बोलले नाही. आमच्या तुकडीप्रमुखाने सगळ्यांना मोजले आणि पुन्हा एकदा मोजले.

सुरुवातीच्या दिवसांतले एक काम मला विशेष जवळचे वाटते. आमच्या तुकडीत डेने-झा या तिथल्या आदिवासी समाजातला एक मुलगा होता. हा सगळा प्रदेश आदिवासी आणि सरकार यांच्यातल्या १८९९ च्या आठव्या कराराखालचा, त्याच्या लोकांचा. आगीच्या दक्षिण कडेला त्याच्या मावशीच्या कुटुंबाची एक लाकडी झोपडी होती, जिथे ती माणसे शरद ऋतूत मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी जाऊन राहतात. आम्ही तिच्या छपरावर आणि चारही कोपऱ्यांना पाण्याचे फवारे बसवले, भोवतालच्या खालच्या फांद्या छाटल्या, सरपणाची रास दूर नेली आणि पंपाला तासन्तास पुरेल एवढे इंधन जोडून ठेवले. फवाऱ्यामुळे भिंती भिजतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे झोपडीभोवतीची हवा आणि शेवाळ ओले राहते, आणि उडून आलेला निखारा तिथे टिकत नाही. त्या मुलाने सांगितले की त्याच्या आजोबांच्या काळी माणसे वसंतात, बर्फ कडेकडेने अजून असताना, कुरणे मुद्दाम जाळत, आणि पुढे सरकारने ते बंद पाडले. जी आग लहान असताना लावता आली असती ती आता मोठी होऊन आली आहे, असे तो म्हणाला नाही. मला मात्र तो बोलत असताना तेच वाटत राहिले. झोपडी वाचली.

कॅनडातल्या अग्निशामकांचा एक साधा नियम आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत आणि तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्यायचे. आर्द्रतेचा आकडा तापमानाच्या आकड्याखाली गेला की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात आणि त्या क्षणापासून आगीचे वर्तन बदलणार असे धरून चालायचे. आमच्या दहाव्या दिवशी दुपारी एक वाजता तापमान २८ होते आणि आर्द्रता २४. मी टेहळणीवर होते, एका जुन्या वायुविहिरीच्या मुरूम टाकलेल्या मोकळ्या चौथऱ्यावर. सकाळपासून जमिनीलगत पसरलेला राखाडी धूर हळूहळू उभा राहू लागला, त्याचा रंग आधी पिवळसर आणि मग खालून काळा झाला, आणि वायव्येकडून वारा आल्याचे मला पानांच्या आधी धुराच्या शेंड्यावरून कळले. मी रेडिओवर सांगितले. तुकडीप्रमुखाने एकही प्रश्न न विचारता सगळ्यांना नळ्या तिथेच टाकून चौथऱ्यावर बोलावले.

स्प्रूसच्या फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या असतात आणि त्यांच्यावर दगडफुलासारख्या सुक्या जटा लोंबत असतात. जमिनीवरची आग त्या जटांना लागली की झाड खालपासून शेंड्यापर्यंत एका श्वासात पेटते. त्या दिवशी ते एका झाडावरून दुसऱ्यावर असे गेले नाही, ओळीच्या ओळी एकत्र गेल्या. आमच्या रेषेच्या मागे, आग जिथे नव्हती तिथे, शंभर-दीडशे मीटरवर उडालेल्या निखाऱ्यांनी तीन ठिकाणी धूर धरला. शेवटची दोन मुले पळत चौथऱ्यावर आली तेव्हा त्यांच्या मागच्या झाडांचा आवाज मालगाडी पुलावरून जावी तसा होता. आम्ही विसाही जण मुरुमावर मधोमध उभे होतो, गाड्यांची तोंडे रस्त्याकडे होती, आणि दोन्ही बाजूंनी पंचवीस मिनिटे जंगल जळत गेले. एवढ्या धगीला पाणी मारून काही उपयोग नसतो. ज्वाळा झाडांच्या शेंड्यांवर चढल्यानंतर समोर उभे राहून आगीशी लढता येत नाही, मागे होणे हेच काम असते आणि ते आम्ही नीट केले, याचा मला आजही अभिमान आहे. संध्याकाळी मोजले तेव्हा आमच्या चौतीस नळ्या जळाल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठांनी रेषा सात किलोमीटर मागे घेतली. खनिज तेलाच्या शोधासाठी पूर्वी जंगलातून सरळ कापलेल्या पट्ट्या तिथे जागोजागी आहेत. त्यांतली एक बुलडोझरने रुंद करून, वारा आगीकडे वाहत असताना, आम्ही तिच्या आतल्या बाजूचे जंगल स्वतः पेटवले. हातात डिझेल-पेट्रोलच्या मिश्रणाची झारी, तिच्या तोंडाशी जळती वात, आणि दोन माणसांमध्ये ठरवलेले अंतर. मोठी आग तिथे पोहोचण्याआधी तिचे खाद्य संपवायचे हा त्यामागचा हिशोब. ज्या मुलीने गावात वणवा लावणाऱ्यांवर राग धरला होता तिने स्वतःच्या हाताने चारशे मीटर जंगल पेटवले. रेषा टिकली.

यानंतर जे काम आले तेच माझ्या मते या आगीशी खरे लढणे होते, आणि ते जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चालले. कडेपासून आत तीस मीटरपर्यंत एकही उष्ण जागा राहू द्यायची नाही, असा आदेश होता. आम्ही एका ओळीत, हातभर अंतरावर, गुडघ्यांवर बसून पुढे सरकत असू. उजव्या हातातला मोजा काढायचा, हाताची मागची बाजू आधी जमिनीच्या जवळ न्यायची, धग लागली नाही तर टेकवायची, आणि तरीही शंका असेल तर बोटे राखेत घालायची. तळहाताची कातडी कामाने घट्ट झालेली असते, मागची बाजू लवकर सांगते. धूर दिसेलच असे नसते. पहाटे जमीन गार असताना हेलिकॉप्टर किंवा ड्रोनवरचा उष्णता टिपणारा कॅमेरा काही ठिकाणे दाखवतो आणि तिथे रंगीत फिती बांधल्या जातात, पण दोन फूट खालची, राखेच्या पोटातली ऊब त्यालाही दर वेळी दिसत नाही. माझी आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली दाबून ठेवत असे आणि पहाटे फुंकणीने पुन्हा जागा करत असे. मस्केग तेच करते, आणि फुंकणी वाऱ्याच्या हातात असते.

सापडलेल्या जागेवर नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण पूर्ण सुकलेले पीट, म्हणजे मस्केगमधला तो साचलेला सेंद्रिय थर, पाणी शोषत नाही. पाणी वरून घरंगळून जाते आणि खाली निखारा तसाच राहतो. म्हणून फेस आणणारे द्रावण मिसळलेले पाणी घ्यायचे, पुलास्कीने, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवे पाते असलेल्या हत्याराने, खोदायचे, मुळे तोडायची, खालची खनिज माती लागेपर्यंत जायचे आणि सगळे कालवून भिंतीच्या गाऱ्यासारखे करायचे. मग पुन्हा हात घालून पाहायचे. एका जुन्या स्प्रूसच्या बुंध्याभोवती आम्ही चौघांनी पूर्ण दुपार घालवली, कारण पाच मुळे पाच दिशांना जळत गेली होती आणि प्रत्येकाच्या मागे जावे लागले. वर शेवाळ हिरवे होते. त्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन लागला. तिने विचारले, "विझला का गं वणवा?" मी म्हटले, "नाही आई, आज एक झाड विझलं." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग एक तर झालं."

त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिको, ब्राझील अशा देशांतून माणसे ब्रिटिश कोलंबियात मदतीला आली होती. प्रांतात २८ लाख ४० हजार हेक्टर जंगल जळाले. आधीचा उच्चांक २०१८ चा, साडेतेरा लाखांचा होता. जुलैच्या अखेरीस आमच्याच आगीवर काम करणारा एक तरुण अग्निशामक खडीच्या रस्त्यावर त्याचे वाहन उलटून मरण पावला. मी त्याला ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत सगळे टोप्या काढून उभे राहिले, हवामान वाचले गेले, आणि त्या दिवशी आम्ही गाड्या नेहमीपेक्षा हळू चालवल्या. आगीत ज्वाळेने जातात त्याहून जास्त माणसे झाडे, वाहने आणि थकवा यांमुळे जातात असे प्रशिक्षणात शिकवले होते. ते मी वहीत लिहून घेतले होते आणि त्या सकाळपर्यंत ते वहीतच होते.

सप्टेंबरच्या शेवटी थंडी पडली, आमची तुकडी मोडली आणि मी प्रिन्स जॉर्जला परतले. आग संपली असे कोणी जाहीर केले नाही. हिवाळा कोरडा गेला, बर्फ थोडे पडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रांतात शंभराच्या आसपास आगी अजून जिवंत म्हणून नोंदलेल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक ईशान्येला. उणे तापमानात बर्फातून धूर निघताना लोकांनी पाहिला.

एप्रिलच्या शेवटी मला पुन्हा त्याच भागात बोलावणे आले. बर्फाचे पट्टे झाडांच्या सावलीत अजून होते. आम्ही जिथे तो स्प्रूसचा बुंधा खोदला होता तिथून फार तर दीड किलोमीटरवर, बर्फाच्या मधोमध, ताटाएवढी एक काळी, कोरडी जागा दिसली. तिच्यावर धूर नव्हता. माझ्यासोबत दोन नवी मुले होती, पहिल्याच उन्हाळ्याची. मी त्यांना मोजे काढायला सांगितले आणि हाताची कोणती बाजू आधी न्यायची ते दाखवले. त्यांच्यातल्या मुलीने हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मी फीत बांधली, पुलास्की तिच्या हातात दिली आणि रेडिओवरून पाणी मागवले.